पीओ नंबर मिळेपर्यंत (माझा अनुभव)

मी इंग्लंडमध्ये एका छोट्या चॅरिटीत काम करते. आपल्याकडच्या बायकांसाठी डायबिटीसचे वर्ग घेतो, गुजरातीत, पंजाबीत, कधी मराठीतही. दक्षिण आशियाई माणसांना इथे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 23 पासूनच धोका धरतात, हे बऱ्याच जणींना आमच्याकडेच पहिल्यांदा कळतं. पैसे आयसीबीकडून येतात, म्हणजे एनएचएसचं (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) त्या-त्या भागाचं मंडळ, 2022 मध्ये अशी 42 झाली.

13 मार्च 2025 ला पंतप्रधान स्टार्मरनी एनएचएस इंग्लंड, म्हणजे ही सेवा वरून चालवणारी संस्था, बंद करायचं जाहीर केलं, त्याच सुमारास आयसीबींनाही कारभाराचा खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं, आणि नेमकं तेव्हाच आमचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. रिपोर्ट, मीटिंग सगळं झालं, मुदतवाढीचं पत्रही आलं. अडलं ते पीओ नंबरवर. पर्चेस ऑर्डरचा हा नंबर इन्व्हॉइसवर नसेल तर इन्व्हॉइस तसंच परत येतं, कोणी उघडून बघतसुद्धा नाही. तो काढून देणाऱ्या मॅनेजरबाई दुसरीकडे नोकरी लागून गेल्या आणि भरती बंद. त्यांच्या मेलवर उत्तर यायचं की फायनान्स टीमला लिहा, टीम म्हणायची बजेट होल्डरची, म्हणजे त्या खर्चाला मान्यता देणाऱ्याची, मंजुरी आणा, आणि सिस्टीममध्ये बजेट होल्डर म्हणून नाव त्याच बाईंचं! फोन केला की तेच, रेफरन्स सांगा, परत पहिल्यापासून सगळं सांगा. मला इतका राग यायचा, कारण 30 दिवसांत पेमेंट हा नियम आहे पण ते 30 दिवस मोजायला इन्व्हॉइस वैध लागतं, आणि पीओशिवाय ते वैधच नाही. इकडे एप्रिलपासून एम्प्लॉयरचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर मालकाने सरकारला भरायची रक्कम) 13.8 वरून 15 टक्के झाला, एनएचएसला त्याची भरपाई मिळाली, चॅरिटींना नाही. ट्रस्टींनी गंगाजळीतून पगार दिले म्हणून वर्ग चालू राहिले.

शेवटी थेट फायनान्स डायरेक्टरना पत्र लिहिलं, मुदतवाढीचं पत्र आणि परत आलेली सगळी इन्व्हॉइसं जोडून, चॅरिटींच्या स्थानिक अलायन्सला कॉपीत ठेवून. त्याच आठवड्यात नंबर आला. इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू!

आम्ही सुधारणांच्या विरोधात नाही हो. 2024 च्या शेवटी सरकारने एनएचएसच्या दहा वर्षांच्या प्लॅनसाठी मतं मागवली तेव्हा आम्हीही लिहिलं होतं की उपचार हॉस्पिटलमधून वस्तीत यावेत, आजार होण्याआधीच अडवावा, हे आम्हाला मनापासून पटतं. पण वस्तीतलं काम करणार कोण, तर आमच्यासारखेच ना? मग खर्च कमी करायला ही आयसीबी मंडळं एकत्र करताना चालू कॉन्ट्रॅक्टवर सही कोण करणार त्याचं नाव आधी लेखी द्या, आणि कॉन्ट्रॅक्ट एकेक वर्षाचं न करता निदान तीन वर्षांचं करा.

आणि हो, मुदतवाढीचं पत्र मागतानाच पीओ नंबर मागा. बजेट होल्डर बदलला का तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या, आम्ही आता दर वेळी विचारतो.