जिभेच्या मुळाशी लपलेली गाठ: नुसतं पाणी काढून भागत नाही

तान्ह्या बाळाचा श्वास आत घेताना घरघर आवाज येतो, उताणं झोपवलं की तो वाढतो. दूध ओढताना बाळाला धाप लागते, वजन हलत नाही. याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे लॅरिंगोमलेशिया, स्वरयंत्राच्या वरच्या भागाचा मऊपणा. म्हणून ‘मोठं झालं की जाईल’ असं सांगितलं जातं आणि व्हॅलेक्युलर सिस्ट निसटते. ही द्रवाने भरलेली गाठ जिभेचं मूळ आणि एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरचं झाकण) यांमधल्या खळग्यात असते. एपिग्लॉटिसला ती मागे ढकलते, त्यामुळे दृश्यही मऊपणासारखंच दिसतं. कित्येक बाळांत दोन्ही असतात. नाकातून लवचिक दुर्बीण घालताना जिभेच्या मुळाशी क्षणभर थांबलं नाही, तर गाठ दिसतच नाही.

शस्त्रक्रियेआधी मानेची सोनोग्राफी हवीच. थायरॉइड ग्रंथी जागेवर आहे ना, हे पाहायचं. जिभेच्या मुळाशी असलेला गोळा हीच बाळाची एकुलती एक थायरॉइड असू शकते.

खरी जोखीम भुलीची. स्नायू शिथिल करणारं औषध आधीच दिलं, तर गाठ झडपेसारखी श्वासमार्गावर बसते आणि मास्कने हवा जात नाही. श्वासाची नळी बसेपर्यंत बाळाचा स्वतःचा श्वास चालू ठेवायचा. कडक ब्रॉन्कोस्कोप (श्वासनळीत घालायची दुर्बीण) आणि ट्रॅकिओस्टोमीचा, म्हणजे गळ्यातून थेट श्वासनळीत वाट करण्याचा, संच हाताशी. स्वरयंत्र दिसेना, तर जाड सुईने गाठीतला चिकट द्रव ओढून जागा करता येते. पण तो उपचार नव्हे! अस्तर तसंच राहतं, गाठ पुन्हा भरते.

गळ्यावर छेद लागत नाही. सस्पेन्शन लॅरिंगोस्कोप (स्वरयंत्र उघडं दिसत राहावं म्हणून तोंडात स्थिर बसवलेलं उपकरण) लावून तोंडातूनच गाठीचं छत रुंद कापून काढतात. जमलं तर सगळं अस्तरही. कोब्लेशनची, म्हणजे रेडिओलहरींच्या ऊर्जेने ऊती काढणारी, कांडी सलाइनमध्ये साधारण 40 ते 70 अंश सेल्सियसला काम करते, म्हणून आजूबाजूला कमी भाजतं. लेसर वापरायचा तर श्वासातला ऑक्सिजन 30 टक्क्यांच्या आत, नाहीतर नळी पेटण्याची भीती. एपिग्लॉटिसचा पृष्ठभाग मात्र जपायचा. तिथे खोल भाजलं तर व्रण आखडतो. काढलेला तुकडा पॅथॉलॉजीकडे जातोच.

ती रात्र अतिदक्षता विभागात काढायची, कारण तान्ह्या बाळाच्या अरुंद श्वासमार्गात मिलिमीटरभर सूजही जड जाते. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड त्यासाठीच. घरघर नंतरही उरली, तर गाठ परतली असं लगेच धरू नये. सोबतचा मऊपणा असू शकतो. दुर्बिणीने पुन्हा पाहिलं की उलगडा होतो.