बाबांच्या पेंटियमला यूएसबी कार्ड बसवताना

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बाबांचं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम चालायचं. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात ना, त्यांच्यासाठी छोट्या प्रकाशकांच्या गीतांच्या पुस्तिका. ज्या मशीनवर हे सगळं झालं ते अजून त्याच टेबलावर आहे. पेंटियम एमएमएक्स २००, इंटेल ४३०टीएक्स चिपसेटचा बोर्ड, ६४ एमबी रॅम, विंडोज ९८ सेकंड एडिशन. यंदा जुलैत एका प्रकाशक काकांचा फोन आला. २००३ साली बाबांनी लावलेली ९६ पानांची पुस्तिका त्यांना दसऱ्याच्या आत पुन्हा छापायची होती.

फाइल होती. पेजमेकर ६.५ या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतही होती. पण त्या काळी बाबा लेझर प्रिंटरवर ट्रेसिंग पेपरवर पानं काढून द्यायचे, आता प्रेसवाल्याला पीडीएफ हवी. आणि मशीनमधून काही बाहेर न्यायचं तर फ्लॉपी, म्हणजे १.४४ एमबी.

"हार्ड डिस्क काढ आणि लॅपटॉपला लाव" असं मला बऱ्याच जणांनी सुचवलं. ते मी सगळ्यात आधी केलं आणि जुनं मशीन उघडणाऱ्या प्रत्येकाने आधी तेच करावं. आयडीई-यूएसबी अडॅप्टर लावून पूर्ण डिस्कची प्रत काढून ठेवली. पण नुसत्या फाइलने भागत नाही. फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेताच्या आधीचे, आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर प्रिंटर पोर्टला लावलेल्या लॉकवर (चोरून कॉपी होऊ नये म्हणून दिलेली छोटी डबी) चालतं. लॉक नसेल तर एक अक्षरही उमटत नाही, आणि लॅपटॉपला प्रिंटर पोर्टच नाही. म्हणजे पुस्तिकेत काना-मात्रा जरी बदलायची असली तरी ती याच मशीनवर. मग प्रत्येक दुरुस्तीला डिस्क काढायची आणि परत लावायची? त्या पिना महिनाभर टिकल्या नसत्या. नेटवर्क कार्डनेही काम झालं असतं, पण मला असं काही हवं होतं जे मी ऑफिसात असताना बाबा स्वतः करू शकतील. बाबांना पेनड्राइव्ह कळतो.

४३०टीएक्सच्या चिपसेटमध्ये मुळात यूएसबी आहे. आमच्या बोर्डवर त्याच्या पिनाही होत्या, फक्त मागे सॉकेट काढणारी पट्टी नव्हती. ती मी मुद्दाम शोधली नाही. त्या काळात या पिनांची रचना कंपनीगणिक वेगळी असायची आणि आमच्या बोर्डचं मॅन्युअल कधीच हरवलेलं. चुकीची पट्टी लावली तर पाच व्होल्ट भलत्याच वायरीत जायचे. शिवाय ते यूएसबी १.१, सेकंदाला १२ मेगाबिट. त्यापेक्षा पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या जादा कार्डांच्या जागेत, यूएसबी २.० चं कार्ड बरं, असा विचार करून बर्डीला, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मोदी नंबरच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. तिसऱ्या दुकानात खोक्याच्या तळाशी एक मिळालं, एनईसीच्या चिपचं. दुकानदाराने विचारलं, "भाऊ, हे आता कोण वापरून राहिलं?" मी सांगितलं तर त्याने पन्नास रुपये कमी केले.

कॅबिनेट उघडण्याआधीची एक गोष्ट, आणि ती मी कळकळीने सांगतो. एटी नावाच्या जुन्या रचनेच्या कॅबिनेटमध्ये समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर आलेली असते. आजच्या मशीनसारखं ते नुसतं सिग्नलचं बटण नाही. बटण बंद केलं म्हणून आत हात घालू नका, भिंतीतला प्लगच काढा. आणि सफाईसाठी सप्लायच्या पी८-पी९, म्हणजे बोर्डला वीज देणाऱ्या दोन जोडण्या, काढल्यात तर परत लावताना काळ्या वायरी मधोमध, एकमेकींच्या शेजारी आल्या पाहिजेत. उलट्या लागल्या तर बोर्ड गेला.

कार्ड बसवलं. मशीन सुरू झालं, विंडोज आलं, पण "नवीन हार्डवेअर सापडलं" हा निरोप काही आला नाही. पुन्हा सुरू केलं आणि बायोस (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डचा स्वतःचा प्रोग्राम) पीसीआय उपकरणांची यादी दाखवतं त्या क्षणी पॉज दाबला. बोर्डच्या स्वतःच्या यूएसबीची एक ओळ होती, कार्डाची एकही नव्हती. स्लॉट बदलला. मग वाटलं, आमच्याकडे मार्च ते जून कूलर चालतो, त्या दमट हवेने स्लॉट काळवंडले असतील. कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवरून खोडरबर हलकेच फिरवला, स्लॉट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, रात्रभर वाळू दिलं. तरी काही नाही. मावसभावाच्या थोड्या नव्या पीसीत तेच कार्ड पहिल्या फटक्यात चाललं.

दोन रात्री मी बायोसच्या एकेका ओळीत घालवल्या. शेवटी बोर्ड दुरुस्त करणाऱ्या एका दादांकडे मशीन घेऊन गेलो. त्यांनी मशीन चालू ठेवूनच मल्टीमीटरची काळी पिन कॅबिनेटला टेकवली आणि लाल पिन स्लॉटच्या एकेका संपर्काला. पाच व्होल्टच्या जागी ५.०६ दिसले. ३.३ व्होल्टच्या जागी शून्याच्या आसपास.

"कार्ड बराबर आहे भाऊ. तुझ्या स्लॉटमंधी तीन पॉइंट तीन येऊनच नाही राहिलं."

इथे माझा जो गैरसमज होता तो अनेकांचा असणार म्हणून सविस्तर लिहितो. पीसीआय कार्डाच्या खालच्या कडेला खाचा असतात. एक खाच असेल तर ते कार्ड एकाच प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतं, दोन असतील तर पाच आणि ३.३ अशा दोन्ही व्होल्टच्या स्लॉटमध्ये. माझ्या कार्डाला दोन खाचा होत्या, म्हणून मी निर्धास्त होतो. पण त्या खाचा सांगतात त्या सिग्नलच्या व्होल्टेजबद्दल. चिपला चालायला लागणारी वीज कुठून येणार, हे त्या सांगत नाहीत. एनईसीची ती चिप ३.३ व्होल्टवर चालते आणि ते व्होल्ट माझं कार्ड स्लॉटमधून घेऊ पाहत होतं. स्लॉटमध्ये त्यासाठी बारा संपर्क राखलेले असतात. पण एटी सप्लाय देतो पाच आणि बारा व्होल्ट, त्यांचे उणे, आणि बस. ३.३ त्यात नाहीच. काही बोर्ड ते स्वतः तयार करून स्लॉटला पुरवतात, आमच्या बोर्डने ते संपर्क मोकळेच सोडले होते. कार्ड उपाशी होतं.

दादांनी उपायही दाखवला. ज्या कार्डावर स्वतःचा रेग्युलेटर आहे ते घ्यायचं. कार्डाच्या कडेजवळ नखाएवढा, तीन पायांचा काळा तुकडा असतो, अंगावर १११७ असा आकडा. तो स्लॉटमधल्या पाच व्होल्टमधून कार्डापुरते ३.३ बनवतो. पुन्हा बर्डी. दुकानदाराने कुरकुर न करता खोकं पुढ्यात ओतलं. मोबाइलच्या टॉर्चमध्ये अकरा कार्डं पाहिली, रेग्युलेटर दोघांवरच होता. त्यातलं व्हीआयए व्हीटी६२१२एल चिपचं उचललं. घरी येऊन लावलं, पॉज दाबला, आणि यादीत तीन नव्या ओळी. दोन जुन्या वेगाचे कंट्रोलर, एक २.० चा. बाबा मागेच उभे होते. त्यांना मी त्या तीन ओळी बोट ठेवून मोजून दाखवल्या.

ड्रायव्हरचं काम त्यामानाने सोपं गेलं. विंडोज ९८ यूएसबी ओळखतं, पण पेनड्राइव्हसाठी त्यात सर्वसाधारण ड्रायव्हर नाही, पूर्वी प्रत्येक पेनड्राइव्हसोबत वेगळी सीडी यायची. त्यावर मॅक्सिमस डेसिम या टोपणनावाने कोणीतरी केलेला एनयूएसबी नावाचा ड्रायव्हरसंच आहे. तो फक्त सेकंड एडिशनवर चालतो. कार्ड बाहेर काढून, सेफ मोडमध्ये जाऊन यूएसबीच्या जुन्या नोंदी पुसायच्या, संच टाकायचा, मशीन बंद करायचं आणि मगच कार्ड लावायचं. हा क्रम मोडू नका. मी संच साध्या सीडी-आरवर कमी वेगाने लिहून नेला, कारण बाबांचा सीडी ड्राइव्ह वेगाने लिहिलेली सीडी वाचताना अडखळतो. मधे विंडोजने आपली मूळ सीडी मागितली, ती बाबांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली होती. पेनड्राइव्ह जुना, २ जीबीचा घेतला. आजचे मोठे पेनड्राइव्ह एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये येतात, विंडोज ९८ला ते वाचता येत नाहीत, जुना फॅट३२ फॉरमॅट लागतो.

मग पेजमेकरमध्ये प्रिंटच्या खिडकीत पोस्टस्क्रिप्ट फाइलमध्ये (प्रिंटरला जाणारी पानं कागदाऐवजी फाइलमध्ये) लिहिण्याचा पर्याय निवडला, फॉन्ट सोबत जातील अशी खूण केली. ११ एमबीची फाइल तयार झाली. आठ फ्लॉप्या लागल्या असत्या. पेनड्राइव्हवर ती चहाचा कप उचलून ठेवेपर्यंत उतरली. लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ केली आणि आधी जोडाक्षरं तपासली. "दुसऱ्या"तला ऱ्या, "बुद्ध"मधला द्ध, "श्रद्धा", सगळं जसंच्या तसं. त्या पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अगम्य चिन्हं येतात, जुन्या फॉन्टचं ते असंच, पण छपाईला त्याने काही बिघडत नाही.

बाबांनी चष्मा लावला आणि लॅपटॉपवर पान पान पाहत गेले. एक्केचाळिसाव्या पानावर थांबले. "हे 'संघर्श' तेव्हाच राहून गेलं होतं. छापून आल्यावर दिसलं मले."

मग उठून जुन्या मशीनपुढे बसले. कीबोर्डवरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, पण रेमिंग्टनच्या, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डला बसलेली बोटं खाली बघत नाहीत. श काढला, ष घातला, फाइल सेव्ह केली आणि पेनड्राइव्हसाठी माझ्यापुढे हात केला.