मंदीत टॉवेल कारखान्याची वाढ कुठून येते

बाजार थंड पडला की सोलापूरच्या पूर्व भागात बऱ्याच कारखान्यांत पहिला निर्णय ठरलेला असतो: भाव दोन रुपयांनी खाली, उधारी महिन्याने वर. माग बंद पडू नयेत म्हणून हे केलं जातं आणि नेमका त्यातच पैसा अडकतो. माझं ठाम मत आहे की अशा काळात उलाढालीमागे धावू नये. अडकलेला पैसा सोडवावा आणि त्या पैशावर नवं गिऱ्हाईक उभं करावं.

सुरुवात वजनकाट्यापासून करा. 30 बाय 60 इंची, 450 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 450 ग्रॅम वजनाचा) तयार टॉवेल साधारण 520 ग्रॅम भरतो. तोच 540 ग्रॅम भरला तर पार्टी, म्हणजे माल घेणारा व्यापारी, एक पैसाही जास्त देत नाही, पण हजार टॉवेलांमागे 20 किलो सूत फुकट जातं. सुताचा भाव किलोला 250 रुपये धरला तर 5,000 रुपये गेले. बहुतेक वेळा दोष पाईलच्या बीमच्या, म्हणजे टॉवेलवरच्या लूपचं सूत गुंडाळलेल्या रुळाच्या, ताणात असतो. बीम सैल सुटला की लूप उंच होतो आणि सूत जास्त खातो. जोबरने (माग लावणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराने) दर पाळीला प्रत्येक मागावरचे पाच टॉवेल काट्यावर ठेवावेत आणि सरासरी त्याच मागावर खडूने लिहावी. मात्र हवा विसरू नका. सुती धाग्यातला ओलावा 8.5 टक्के धरण्याची रीत आहे. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो बराच उतरतो, आणि तोच माल हलका भरतो. म्हणून ठरलेल्या वजनाचा एक टॉवेल कायम काट्याशेजारी टांगून ठेवा. रोज आधी तो मोजा. तो 10 ग्रॅम कमी भरला तर बाकीच्यांकडूनही तेवढीच कमी अपेक्षा ठेवा. हे न करता उन्हाळ्यात ताण सैल केला की पावसाळ्यात सगळा माल जड उतरतो.

दुसरा हिशेब पाळीचा. कोणता माल विणायचा हे नगामागच्या नफ्यावर ठरवू नका. विक्रीच्या भावातून सूत, रंगाई, नगावरची मजुरी, शिलाई आणि पॅकिंग वजा करा. उरेल त्याला एका मागावर एका पाळीत निघणाऱ्या नगांनी गुणा. समजा मोठ्या टॉवेलमागे 9 रुपये उरतात आणि पाळीला 50 निघतात, तर 450 रुपये. नॅपकिनमागे सव्वादोनच रुपये उरतात, पण 240 निघतात, म्हणजे 540. मागाच्या दृष्टीने नॅपकिन सरस. पण 240 नॅपकिनांच्या कडा शिवायला लागणारा वेळ 50 टॉवेलांच्या कितीतरी पट असतो. शिलाईची माणसं तेवढीच ठेवली तर माल मशीनपाशी थप्प्या लावून पडतो आणि कागदावरचे 90 रुपये तिथेच अडकतात. त्यामुळे आधी शिलाईची रोजची क्षमता मोजा, मगच बीम बदला.

आता उधारी. महिन्याला 20 लाखांचा माल जात असेल, तर दिवसाला सुमारे 66,000 होतात. वसुली 75 दिवसांवरून 55 वर आली की 13 लाखांहून जास्त रक्कम हातात येते, तीही नवं कर्ज न काढता. त्यासाठी दहा दिवसांत पैसे देणाऱ्या पार्टीला 2 टक्के सूट देता येते. 75 ऐवजी दहाव्या दिवशी, म्हणजे 65 दिवस आधी पैसे मिळवण्याची ही किंमत वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या घरात पडते, म्हणजे बऱ्याच जणांच्या सीसीच्या (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाच्या) व्याजाच्या आसपास. 3 टक्के दिलेत तर ती 17 टक्क्यांवर जाते, तिथे हात आखडा. 60 दिवसांवरचं बिल थकलं असेल तर पुढचा माल थांबवा, पार्टी कितीही जुनी असो.

कायद्याचा आधारही आहे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. ही मुदत चुकली तर आयकर कायद्याप्रमाणे खरेदीदाराला तो खर्च पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षातच वजा करता येतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात स्मरणपत्र गेलं की त्याचा उपयोग होतो; 31 तारखेला पाठवून नाही.

कामगारांशी बोलणं मात्र मालकानेच करावं, मुकादमावर सोडू नये. पाळ्या कमी करायच्या असतील तर दोन आठवडे आधी सांगा, फलक मराठीबरोबर तेलुगूतही लावा, आणि काम सगळ्यांत वाटून द्या. पाळी कमी झालेल्या आठवड्यात उचल कापू नका. चांगला विणकर एकदा भिवंडीला गेला की परत येत नाही, आणि तेजी आली तेव्हा माग असून माणूस नसतो.

नवं गिऱ्हाईक जवळच आहे: पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरचे लॉज आणि भक्तनिवास, शिवाय शहरातली रुग्णालयं. त्यांना रंगांची हौस नसते, धुलाईत टिकणारा माल हवा असतो. रुग्णालयात क्लोरीनचं ब्लीच वापरतात आणि त्यात रिॲक्टिव्ह रंगाचे (सुती मालाला सर्रास वापरतात त्या रंगाचे) बरेच टॉवेल विटतात. तिथे पांढरा किंवा ब्लीचला जास्त टिकणाऱ्या व्हॅट रंगाचाच द्यावा. पहिल्यांदा एकच बीम लावा. नमुने देण्याआधी त्यातले सहा टॉवेल गिऱ्हाईक वापरतं त्याच पावडरीत आणि ब्लीचमध्ये दहा वेळा धुवा. धुण्याआधी आणि नंतरची लांबी-रुंदी लिहा, कडेची शिलाई उसवते का पाहा, ओढलेले लूप मोजा. कड उसवली तर टाके आणि दोरा बदलून पुन्हा दहा धुलाया घ्या, आणि भाव सांगायला जाताना तो धुतलेला टॉवेल नव्यासोबत घेऊन जा.