खासदार परदेशात काय करतात?

आमच्या फैजपुरात चहाच्या टपरीवर एक मत पक्कं आहे: खासदाराने रस्ता, वीज आणि केळीचा पीकविमा बघावा, परदेश वगैरे दिल्लीवाल्यांचं काम. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरनंतर भारताची बाजू मांडायला खासदारांची सात सर्वपक्षीय शिष्टमंडळं जगभर गेली, तेव्हा आमच्या नानांनी "चालले फिरायले!" म्हणून विषय संपवला.

मला ते पटत नाही. सुप्रिया सुळे विरोधी बाकावरच्या, तरी कतार, दक्षिण आफ्रिका, इथिओपिया, इजिप्तला गेलेल्या गटाच्या प्रमुख त्याच. राजदूत बोलला तर ती त्याची नोकरी. विरोधक तेच बोलला की समोरचा कान टवकारतो. १९९४ ला पंतप्रधान नरसिंह रावांनी विरोधी पक्षनेते वाजपेयींना काश्मीरवर भारताची बाजू मांडायला जिनिव्हाला उगाच नाही पाठवलं.

रीत जुनीच. १८८९ मध्ये ब्रिटनचे क्रेमर आणि फ्रान्सचे पासी या दोन खासदारांनी आंतर-संसदीय संघ, म्हणजे देशोदेशींच्या संसदांची संघटना, उभा केला. देशोदेशींची भांडणं लवादाने मिटवा, हा त्यांचा हट्ट. दहा वर्षांत हेगला कायमस्वरूपी लवाद न्यायालय ठरलं. दोघांनाही पुढे शांततेचं नोबेल. आज हाच संघ कुठल्या संसदेत बायका किती, याची क्रमवारी छापतो. तळाशी राहणं कोणाला आवडेल?

माझी तक्रार वेगळी आहे. आपल्याकडे करार सरकार करतं, त्याला संसदेची मंजुरी सक्तीची नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार करार राबवायला कायदा करता येतो, इतकंच. मग बाहेर मान डोलावून आलेल्या खासदाराला इथे जाब कोण विचारणार? १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनात याच फैजपुरात नेहरू स्पेनमधल्या यादवी युद्धाबद्दल बोलले होते, तेही शेतकऱ्यांपुढे. पुढच्या सभेत पीकविम्यानंतर मी हा प्रश्न विचारणार आहे. नाना हसोत.