अठरा किलोचा स्पीकर आणि छोटी डिकी

माझं काम साउंडचं. दोन टॉप स्पीकर, एक सबवूफर म्हणजे खर्जाचा जड स्पीकर, मिक्सर, माइकची पेटी, स्टँड आणि केबलच्या पिशव्या एवढं सगळं माझ्या हॅचबॅकमधून जातं. सामान उतरताना बघणारं कुणीतरी हमखास विचारतं, "एवढं बसवलं कसं?" खरं तर बसवण्यात काही विशेष नाही. सीट पाडल्या आणि थोडं डोकं चालवलं की कुठल्याही छोट्या गाडीत अचाट सामान मावतं. करकचून ब्रेक लागल्यावर ते सामान कुठे जाईल, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी गाडी भरताना आधी तेच बघते.

माझा एक टॉप १८ किलोचा. गाड्यांच्या सीटसाठी संयुक्त राष्ट्रांचा एक नियम आहे, क्रमांक १७. त्यात मागच्या सीटची पाठ सामानाचा मार सोसते का, याची चाचणी असते. डिकीत प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवतात आणि ताशी ५० किलोमीटरच्या धडकेइतका झटका देतात. पाठीनं जागा सोडायची नाही, लॉक उघडायचं नाही आणि ठरलेल्या हद्दीपलीकडे पुढे वाकायचं नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं, कारण माझे दोन टॉप म्हणजे नेमके ते दोन ठोकळे. फक्त माझ्याकडे वर ३५ किलोचा सबही असतो. त्याची परीक्षा कुणी घेतलेली नाही.

ताशी ५० वेगानं जाणाऱ्या वस्तूत जेवढा जोर असतो, तेवढाच ती वस्तू सुमारे १० मीटर उंचीवरून पडल्यावर असतो. ८०च्या वेगाला ही उंची २५ मीटर होते, कारण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. गाडी थांबते ती तिचं नाक चेपत, अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये. सुटं सामान मात्र मूळ वेगानं पुढे येत राहतं आणि समोर जे येईल त्यावर आदळून काही सेंटिमीटरमध्ये थांबतं. म्हणून सामान आणि सीटची पाठ यांच्यात फट ठेवायची नाही, हा माझा पहिला नियम. चिकटून बसलेला स्पीकर सीटसोबतच मंदावतो, वीतभर मागे ठेवलेला सीटवर येऊन धडकतो.

आता जागेबद्दल. कंपन्या डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगतात. बऱ्याच ठिकाणी ती मोजतात २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून. कोपऱ्याकोपऱ्यात असे ठोकळे भरले की आकडा छान निघतो. माझा सब काही ठोकळ्यांत फोडून भरता येत नाही. त्यामुळे गाडी बघायला जाताना मी टेप घेऊन जाते आणि तीन मापं काढते: दरवाज्याच्या तोंडाची रुंदी, दोन चाकांच्या फुगवट्यांमधली रुंदी आणि डिकीच्या ओठाची जमिनीपासूनची उंची. तिसरं माप कंबरेसाठी. विक्रेते लिटरचा आकडा सांगत राहतात, मी टेप धरून वाकलेली असते.

सीट पाडण्याचंही एक शास्त्र आहे. माझ्या गाडीची मागची सीट ६०:४० अशी दुभंगते. मी शक्यतो ४०चा भागच पाडते, लांब स्टँड तिकडून पुढे सरकवते आणि ६०च्या भागाची पाठ उभी ठेवून जड सामान तिच्यामागे लावते. पूर्ण सीट पाडली की जागा दुप्पट वाटते खरी, पण ड्रायव्हर आणि सामान यांच्यातली एकमेव भिंत आपल्याच हातानं झोपवलेली असते. पाडायचीच असेल तर आधी पुढची सीट थोडी पुढे, हेडरेस्ट खाली किंवा बाहेर, सीटबेल्ट बाजूच्या क्लिपमध्ये. काही गाड्यांत बैठक आधी पुढे उचलावी लागते, मग पाठ सपाट पडते. हे न करता पाठ ढकलली तर ती तिरकी राहते आणि तिच्यावर ठेवलेलं सगळं घसरगुंडी खेळतं.

सीट परत उभी करताना जास्त लक्ष लागतं. खटका वाजला म्हणजे लॉक बसलं असं मी धरत नाही. बऱ्याच गाड्यांत लॉकजवळ लाल खूण असते. लॉक पूर्ण बसलं की ती आत जाते. ती दिसतेय का बघायचं, पाठ दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवायची, बेल्टचा पट्टा लॉकमध्ये चिमटला नाही ना ते पाहायचं, आणि काढलेलं हेडरेस्ट लगेच जागेवर लावायचं. मागे कुणी बसणार नसेल तर रिकाम्या सीटचे बेल्टही मी बकलमध्ये अडकवून ठेवते. पाठीला तेवढाच आधार. फुकटचा उपाय आहे.

सीट बोल्ट उघडून कायमची काढून टाकणारे लोक मला माहीत आहेत. मी ते करत नाही. सीटखाली सेन्सर आणि एअरबॅगच्या वायरी असू शकतात, आणि कागदोपत्री गाडी जितक्या सीटची तितक्या तिच्यात असाव्यात.

जागेआधी संपतं ते वजन, आणि हे डोळ्यांना दिसत नाही. दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी असते, तिच्यावर गाडीचं भरलेलं कमाल वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते आपलं. माझ्या गाडीत ते ४३५ किलो निघतं. ऐकायला भरपूर. त्यातून ड्रायव्हर धरून चार मोठी माणसं काढा, ३०० गेले. उरले १३५, आणि माझा संपूर्ण सेट जवळपास तेवढाच भरतो. म्हणून सेट असेल तेव्हा मी आणि एक मदतनीस, बस्स. हिशेबात एक मेख आहे: युरोपीय पद्धतीच्या रिकाम्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो, काही ठिकाणी धरत नाहीत. आपल्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय वजाबाकीवर विसंबू नये.

वजन कुठे ठेवतो यानंही आकडे बदलतात. समजा पुढच्या आणि मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर आहे आणि १०० किलो सामान मागच्या चाकांच्या ६० सेंटिमीटर मागे, डिकीच्या दाराशी ठेवलं. मागच्या आसावर १०० नाही, १२५ किलो पडतात आणि पुढच्या चाकांवरचे २५ किलो कमी होतात. वळवायचं काम पुढच्या चाकांचं, ब्रेकचं मुख्य काम तिथलंच, आणि माझ्या गाडीत ओढायचंही. तेच १०० किलो मागच्या आसाच्या ४० सेंटिमीटर पुढे आणले तर मागे ८३ आणि पुढे १७ असे वाटले जातात. स्टिअरिंग हातात धरल्याबरोबर फरक कळतो. सब दाराशी ठेवून चालवलेली गाडी वळणावर जरा तरंगल्यासारखी वाटते.

त्यामुळे सब सगळ्यात आधी, आडवा, ६०च्या पाठीला चिकटवून. टॉप त्याच्या मागे खाली, जाळीला जाळी लावून समोरासमोर, मध्ये जाड घोंगडी. म्हणजे स्पीकरचे नाजूक पडदे आतल्या बाजूला सुरक्षित राहतात आणि बाहेर येतात ते लाकडी सपाट भाग, ज्यांच्यावर बेल्ट बसतो. केबलच्या पिशव्या चाकांच्या फुगवट्यांमागच्या खड्ड्यांत आणि उरलेल्या फटींत ठासून. त्या जड असतात, मऊ असतात, आणि पेट्यांना हलू देत नाहीत. मिक्सर पुढच्या सीटमागच्या पायाच्या जागेत, तळाला. त्याच्यावर काही नाही.

सगळ्याखाली रबरी अँटीस्लिप मॅट. जोरात ब्रेक लागला की सामानाला पुढे ढकलणारा जोर त्याच्या वजनाच्या ०.८ पट धरावा, बाजूला आणि मागे ०.५ पट, हा हिशेब मालवाहू गाड्यांच्या ईएन १२१९५-१ या युरोपीय मानकातला. गुळगुळीत पेटी कार्पेटवर ठेवली तर घर्षण त्याच्या निम्म्यालाही पुरत नाही, मॅटवर ०.६च्या आसपास जातं. उरलेलं बेल्टनं भरून काढायचं. रॅचेटचे, म्हणजे दातेरी खटक्यानं आवळायचे, दोन बेल्ट, डिकीच्या तळाला असलेल्या चार लोखंडी कड्यांमध्ये, सामानावरून फुलीसारखे. भिंतीवरचे प्लॅस्टिकचे हूक पिशवी लटकवायचे, त्यांच्यावर रॅचेट ओढला तर हूक हातात येतो. आणि रबरी दोऱ्या, ज्यांना दोन्हीकडे आकडे असतात, त्या मी गाडीत ठेवतच नाही. ज्या झटक्याला त्यांनी धरायचं, त्याच झटक्याला त्या ताणल्या जातात.

सामानाची उंची मी सीटच्या पाठीपलीकडे जाऊ देत नाही. जायलाच लागली तर मध्ये छताला आणि तळाला अडकणारी जाळी लावते. खिडक्यांच्या बाजूनं साधारण १० सेंटिमीटर मोकळे ठेवते, कारण पडद्यासारखी एअरबॅग वरून खाली उघडते, तिला वाट लागते. आतल्या आरशातून मागचं दिसेनासं होतं तेव्हा बाहेरचे दोन्ही आरसे पुन्हा लावायचे, डावासुद्धा.

डिकी अर्धी उघडी, दोरीनं बांधलेली, आणि सामान बाहेर डोकावतंय, असं चित्र रस्त्यावर सर्रास दिसतं. मला त्याची खरोखर भीती वाटते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी असतो, आणि उघड्या दारातून एक्झॉस्टचा धूर आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते. शिवाय नंबर प्लेट आणि कधीकधी दिवेही झाकले जातात. दार बंद होत नसेल तर ती वस्तू त्या गाडीची नाही.

टपावर मी फक्त रिकाम्या केसेस नेते. स्पीकर आत, त्यांची कवचं वर. टपाची मर्यादा पुस्तिकेत असते. छोट्या गाड्यांत ती ५० ते ७५ किलोच्या आसपास सापडते, आणि त्यात कॅरियरचं आणि बॉक्सचं स्वतःचं वजनही मोजायचं असतं. ५०ची मर्यादा, कॅरियरच्या ५ किलोच्या आडव्या पट्ट्या, १५ किलोचा बॉक्स, म्हणजे सामानाला ३० उरले. टपावरचं वजन गाडीला वळणावर कलवतं आणि आडव्या वाऱ्यात ढकलतं. वजन दोन पट्ट्यांच्या मधोमध ठेवायचं, लांब वस्तू असेल तर पुढून आणि मागूनही बांधायची. गाडीची नवी उंची मी कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवते. तळघरातल्या पार्किंगच्या तोंडाशी ती आठवत बसायला नको.

टपावरच्या बेल्टचा एक किस्सा माझ्या धंद्यातलाच. सपाट पट्टा ताणून बांधला आणि वेग ६०च्या पुढे गेला की तो घुमायला लागतो, इतका की आत बोलणं ऐकू येत नाही. वेग वाढला की सूर चढतो, बेल्ट आणखी आवळला तरी चढतो. मदतनीस म्हणाला, "ताई, तानपुरा लागलाय." उपाय सोपा आहे: बांधताना पट्ट्याला एक-दोन पीळ द्यायचे. वारा सपाट पृष्ठभागावर एकसारखा थरथराट उठवतो, पिळलेल्या पट्ट्यावर त्याला ते जमत नाही. बेल्टची ताकद कमी होत नाही आणि गाडी गप्प होते.

निघण्याआधी टायर. भरलेल्या गाडीसाठी हवेचा वेगळा आकडा दरवाज्याच्या पट्टीवरच असतो, मागच्या चाकांना बहुधा जास्त. टायर थंड असताना भरायची. चालवून गरम झाल्यावर मोजली तर आकडा फुगलेला येतो. टायरच्या भिंतीवर मापानंतर जो अंक असतो तो त्याची वजनाची कुवत सांगतो, ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६०. बदलताना तो अंक मी कमी होऊ देत नाही. आणि मागे वजन आलं की हेडलाइट वर बघायला लागतात. डॅशबोर्डवरचं छोटं चाक शून्यावरून २ किंवा ३वर फिरवलं की समोरच्याचे डोळे वाचतात. हे चाक कशासाठी असतं हे माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही, सांगितलं की ते जाऊन फिरवून बघतात.

पहिले काही किलोमीटर मी गाणी लावत नाही. गतिरोधकावरून जाताना मागून 'टक्' आला तर पेटी पेटीला लागतेय, 'खर्र' आला तर काहीतरी सरकतंय. पुढे सुरक्षित जागा दिसली की थांबून बेल्ट तपासते. सामान खाली बसतं तसे ते ढिले पडतातच, त्यामुळे रॅचेट दोन-तीन दात आणखी ओढावा लागतो. इशाऱ्याचा त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी सगळ्यात वर, दाराशी. स्टेपनी मात्र तळाखाली असल्यानं पंक्चर झालं तर अख्खी गाडी रिकामी करावी लागते, त्यावर मला अजून इलाज सापडलेला नाही. दोन सबचं काम आलं की सरळ मोठी गाडी भाड्यानं घेते आणि तो खर्च बिलात वेगळा दाखवते.