घोषणेतला आकडा

घोषणेत आकडा घुसला की ती कशी चिकटते बघा. 'पन्नास खोके, एकदम ओके'. 2022 च्या ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी ही घोषणा दिली आणि पोळ्याला बैलांच्या पाठीवर रंगवलेली पण दिसली, त्या बिचाऱ्याला काय खोका नि काय ओके! शिंदेंसोबत शिवसेनेतून फुटलेल्या आमदारांनी प्रत्येकी पन्नास खोके, म्हणजे पन्नास कोटी घेतले, हा आरोप खरा की खोटा तो वेगळा विषय, शिंदे गटाने तो कायम फेटाळलाच, पण पन्नासच का, कोणी मोजले, असलं कोणी विचारत बसलं नाही. 'सत्तेचाळीस खोके' म्हणून बघा, जिभेवर बसतच नाही.

बाळासाहेबांचं '80 टक्के समाजकारण, 20 टक्के राजकारण' पण त्यातलंच. काटा घेऊन कोण बसलेलं?

पैशांच्या आकड्यात मात्र डोकं लावलेलं असतं. 2019 ला काँग्रेसच्या न्याय योजनेत महिन्याचे 6 हजार होते, पण सभेत गाजवले वर्षाचे 72 हजार. लाडक्या बहिणीचं बरोब्बर उलटं, वर्षाचे 18 हजार कोणी म्हणतच नाही, सगळीकडे 1500. मला विचाराल तर हेच जास्त हुशारीचं, कारण 72 हजार ऐकायला भारी वाटतात पण 1500 म्हटलं की किराण्याचं बिल डोळ्यासमोर येतं.

आणि मग ते 'पार'वाले. हा आकडा म्हणजे आपल्याच हाताने विरोधकांना दिलेली फूटपट्टी. 2019 च्या विधानसभेला '220 पार', युती अडली 161 वर. 2024 च्या लोकसभेला राज्यात 48 पैकी '45 पार' म्हणाले आणि महायुतीला मिळाल्या 17. दिल्लीत तर गंमतच, '400 पार'च्या नादात एनडीएच्या 293 जागा, म्हणजे 272 च्या बहुमतापेक्षा चांगल्या 21 जास्त, तरी 4 जूनला भाजपवाल्यांचे चेहरे पडलेले आणि 99 वाली काँग्रेस पेढे वाटतेय, असं चित्र! 400 म्हणालेच नसते तर त्याच 293 वर गुलाल उधळला असता की नाही सांगा.

पुढच्या पाच महिन्यांत विधानसभा लागली. तेव्हा मोदींची घोषणा होती 'एक हैं तो सेफ हैं', आकडा काय तो एवढाच, आणि महायुतीच्या तीन पक्षांच्या मिळून 230 जागा आल्या.