जॉर्ज टाउनच्या भिंती बघताना

मलेशियातल्या पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनला जाणार असाल, तर आर्मेनियन स्ट्रीटवर सकाळी नऊच्या आत पोहोचा. नंतर सायकलवरच्या मुलांच्या चित्रासमोर फोटोसाठी रांग लागते आणि निवांत बघायला मिळत नाही.

लिथुआनियाच्या अर्नेस्ट झाखारेविच या चित्रकाराने २०१२ च्या जॉर्ज टाउन महोत्सवासाठी इथल्या भिंती रंगवल्या. मुलं रंगवलेली, सायकल मात्र खरी, भिंतीला जडवलेली. जवळच्या आह क्वी स्ट्रीटवरच्या चित्रातली मोटरसायकलही खरीच आहे. काही चित्रांचे रंग उडालेत, पोपडे निघालेत. मला ते अजिबात खटकलं नाही. चुन्याचा जुना गिलावा, त्यावरची ओल आणि रंग हे सगळं मिळूनच ते चित्र आहे. कोऱ्या करकरीत भिंतीवर त्यात एवढा जीव आला नसता.

चित्रांइतकंच लक्ष लोखंडी सळ्या वाकवून केलेल्या व्यंगचित्रांकडे द्या. अशी ५२ आहेत आणि बरेच जण त्यांच्याकडे न बघताच पुढे जातात. खरं तर गल्ल्यांचा इतिहास तीच सांगतात. कॅनन स्ट्रीटचं नाव १८६७ च्या दंगलीतल्या तोफगोळ्यांवरून पडलं, हे तिथल्या सळ्यांतून कळतं. पुढे बुटांचा जगप्रसिद्ध डिझायनर झालेला जिमी चू मंत्री स्ट्रीटवर जोडे शिवायला शिकला, त्याचंही एक व्यंगचित्र आहे. त्याच रस्त्यावर दोन खिडक्यांच्या छज्जांवर हात टेकून लोंबकळणारी निळ्या कपड्यांतली भलीमोठी मुलगी दिसते. ती पूर्ण बघायची तर समोरच्या फुटपाथवर जा, रस्त्याच्या मधोमध थांबू नका. वाहनं सतत येत असतात.

हा भाग २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण या घरांत लोक राहतात. दारं-खिडक्यांत डोकावू नका. चू जेट्टीवर तर लाकडी खांबांवर उभी असलेली घरंच आहेत, तिथे फोटो काढण्याआधी विचारा.

सगळं पायीच बघा. दुकानांपुढच्या छप्पर असलेल्या वाटांवर सावली मिळते, पण मध्येच दुचाक्या आणि सामान आडवं येतं, तेव्हा उन्हात उतरावं लागतं. टोपी, पाणी आणि छत्री तिन्ही सोबत ठेवा. हवा इतकी दमट असते की दुपारी चालवत नाही. तेव्हा बारा ते चार विश्रांती घ्या आणि मंत्री स्ट्रीट संध्याकाळसाठी ठेवा.